उन्हाळ्याची छावणी कुठे टाकायची?

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याची गोष्ट काढणे म्हणजे फराळाच्या ताटात पन्हे वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु उन्हाळी शिबिरांचा विषय उन्हाळ्यात काढून काही उपयोग नसतो. मार्च उजाडला की परीक्षांची धांदल सुरू होते. वर्तमानपत्रांतून आणि हल्ली त्याहूनही अधिक मोबाइलमधून रंगीबेरंगी जाहिराती कोसळू लागतात. शेजारच्या वहिनींनी मुलाचे नाव नोंदवल्याची बातमी येते. आणि मग आईबाप जे ठरवतात तो विचार नसतो, ती निव्वळ घाई असते. विचार करायचा तर घरातली सारी माणसे एकत्र बसलेली हवीत. आजी-आजोबा हवेत, काका-मामा हवेत, आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ती मुलेही हवीत. अशी बैठक वर्षातून एकदा, दिवाळीतच जमते. आज बोलण्याला आणखीही एक कारण आहे. ते ओघाने पुढे येईलच.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे असेल त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. नगर जिल्ह्यातल्या मुलाला उन्हाळी शिबिरासाठी पुण्या-मुंबईला धाडणे ही हौस असेल, सोय असेल, प्रतिष्ठा तर नक्कीच असेल. पण ते शिक्षण नव्हे. आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या ज्या असंख्य नगरकर कुटुंबांची घरे अजून पारनेरला, पाथर्डीला, संगमनेरला उभी आहेत, त्यांनी शहरातल्या शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी एकदा आपल्या गावाकडे तोंड करून पाहावे.

अहमदनगर म्हणा की २०२४ पासूनचे अहिल्यानगर म्हणा, या जिल्ह्याला छावणी ही वस्तू नवी नाही. १८०३ साली इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला, पुढे भिंगारला पलटणींची छावणी झाली, आणि ‘कॅम्प’ हा शब्द आमच्या तोंडी बसला. पावसाने पाठ फिरवली की गुरांसाठी चारा-छावण्या पडतात आणि दावणीशेजारी माणसांचेही अंथरूण पडते. साखर कारखान्याचा भोंगा वाजला की ऊसतोडणी करणाऱ्यांच्या कोप्यांचे तळ पडतात. ती तिसरी छावणी. आता ही चौथी : वातानुकूलित दिवाणखान्यातली, दहा दिवसांची, शेवटी प्रमाणपत्र देणारी. पहिल्या तीन छावण्या माणसांनी गरजेपोटी किंवा आज्ञेवरून टाकल्या. ही चौथी आपण खुशीने, पदरचे पैसे मोजून निवडतो. म्हणूनच ती नीट पारखून घेण्याची जबाबदारी आपली आहे.

या चौथ्या छावणीत काय असते ते पाहा. सकाळी योगासने, मग ‘व्यक्तिमत्त्व विकास’, मग संगणकाची भाषा, मग रोबो जोडणे, दुपारी विस्तवावाचून स्वयंपाक, म्हणजे पावावर लोणी फासणे, सायंकाळी नाच, आणि अखेरच्या दिवशी आईबापांसमोर सगळ्याचा मिळून एक तमाशा. यातली एकही गोष्ट वाईट नाही. मुलाने रोबो जोडावा, जरूर जोडावा. परंतु दहा दिवसांत दहा विद्या चाटवणाऱ्या या पंगतीला शिक्षण म्हणायचे असेल, तर जत्रेतल्या पाळण्याला प्रवास म्हणावे लागेल. आठ वर्षांच्या पोराचे व्यक्तिमत्त्व अजून उगवायचे आहे. त्याचा विकास दहा दिवसांत करून देण्याची हमी देणाऱ्याच्या धाडसाचे कौतुकच करायला हवे!

आणि एवढ्यासाठी माळीवाड्याच्या स्थानकावरून निघून, शंभरावर किलोमीटर जाऊन, कुणा आत्या-मावशीच्या दोन खोल्यांच्या घरात मूल ठेवायचे. तिथे ते सकाळी एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत जाते, संध्याकाळी परत येते आणि परतल्यावर मोबाइल हाती घेऊन बसते. जाताना मुलाला वाटत असते, आपण काहीतरी मोठे पाहणार. परतताना एवढेच पक्के झालेले असते की, जे काही पाहण्यासारखे आहे ते शहरात आहे आणि आपल्या गावात काही नाही. शुल्काच्या पावतीवर हा धडा कुठेही छापलेला नसतो. पण सगळ्यांत खोल रुजतो तो हाच. पुढे दहा वर्षांनी तोच मुलगा गाव सोडून जातो आणि मग आपणच ओट्यावर बसून, हल्लीच्या मुलांना गावाची ओढ नाही म्हणून हळहळतो. ओढ कुठून राहणार? ती आपणच पैसे देऊन तोडून घेतलेली असते.

इथे मला आईबापांची बाजू मांडलीच पाहिजे, कारण ती खोटी नाही. पूर्वी सुटी लागली की मुले आजोळी जात. आता आजीच शहरात मुलाकडे राहायला आली आहे, मामा नोकरीच्या गावी आहे, आणि वाड्याला कुलूप आहे. आई नोकरी करते, बाप नोकरी करतो. घरात एकटे मूल आणि त्याच्या हातात तो दिवा लागलेला लहानसा पडदा. अशा आईने शिबिराचा आधार शोधला तर तिला नावे ठेवणारा मी कोण? मुलींच्या बाबतीत तर शिबिर हे वरदानच आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घराबाहेर चार दिवस राहायला मिळते, झाडावर चढायला मिळते, पाहुण्यांना चहा नेऊन देण्यापलीकडे आपल्याला काही येते हे तिला कळते. तेव्हा शिबिर नको असे मी म्हणत नाही. शिबिर हवेच. प्रश्न एवढाच की ते कुठे हवे, कुणाबरोबर हवे आणि कशासाठी हवे.

शिबिराची ही कल्पना जिथून आपल्याकडे आली, तिथे ती कशी जन्मली ते पाहण्यासारखे आहे. १८६१ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट प्रांतात फ्रेडरिक गन नावाच्या शाळामास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांना पायी चालवत समुद्रकाठी नेले आणि तंबूत ठेवले. पोहणे, मासे धरणे, होड्या वल्हवणे हाच अभ्यासक्रम. पुढे तिकडची शहरे फुगली तशी ही प्रथा वाढली. शहरातल्या धुरातून आणि गल्ल्यांतून मुलांना बाहेर काढून रानात न्यायचे, हा तिचा हेतू. आपण ही कल्पना घेतली आणि नेमकी उलटी करून अंगात घातली! ज्याच्या दाराशी डोंगर, नदी आणि रान आहे त्या मुलाला आपण उचलतो आणि शहरातल्या खोलीत नेऊन ‘निसर्गचित्रण’ शिकवतो.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी वीसएक मुलांची छावणी भरवली. बालवीर चळवळीचा उगम तोच. त्या छावणीत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली मुले होती, आणि जवळच्या गावांतल्या कष्टकऱ्यांचीही मुले त्यांनी मुद्दाम घेतली होती. दोघांना एका तुकडीत घातले, एका तंबूत निजवले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट सोपी नव्हती. गाठी मारणे आणि शेकोटी पेटवणे हे कुठेही शिकता आले असते. पण कोळशावाल्याच्या मुलाबरोबर एका ताटलीत जेवणे हे त्या मुलांना घरी कुणी शिकवले नसते.

लांब कशाला जा? याच जिल्ह्यात याचा दाखला आहे. ९ ऑगस्ट १९४२ पासून २८ मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक त्यांनी तिथेच लिहिले. मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंदवल्लभ पंत, असफ अली, आपले शंकरराव देव अशी निरनिराळ्या प्रांतांतली, निरनिराळ्या भाषांची, निरनिराळ्या विद्यांची माणसे तिथे एकत्र कोंडली होती. त्या सोबत्यांशी झालेल्या चर्चांचे ऋण नेहरूंनी आपल्या प्रस्तावनेत मानले आहे. इंग्रज सरकारने त्या जागेला ‘प्रिझन कॅम्प’ म्हटले. पण शिबिर म्हणून पाहिले तर असे दुसरे भरणे कठीण. शुल्क नाही, प्रमाणपत्र नाही, जाहिरात तर नाहीच! शिबिराचे भलेबुरे खोलीच्या गारव्यावर ठरत नाही, सोबत्यांवर ठरते. हे नगरच्या माणसाला तरी वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरचे भांडवल मोजू. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटरचे. तिथेच हरिश्चंद्रगड, तिथेच प्रवरेवरचे १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे. प्रवरेच्या काठी दायमाबाद. तिथे १९७४ साली गावातल्याच एका माणसाला जमिनीखाली ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. नेवाशाला तो खांब, ज्याला टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे आपण मानतो. जामखेड तालुक्यात चौंडी, अहिल्याबाईंचे जन्मगाव. ही सहलीची यादी नव्हे. मोटारीतून उतरून, छायाचित्र काढून, वडापाव खाऊन पुन्हा मोटारीत बसणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे चमकतात, तर ते पाहायला शहरातून इतक्या गाड्या येतात की त्यांच्या दिव्यांपुढे बिचाऱ्या काजव्यांनी तोंड लपवावे.

जागेपेक्षा मोठे भांडवल माणसांचे आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बियाणी त्यांनी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हिवरे बाजारचे लोक दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. पाचवीतल्या मुलाला बेरीज-वजाबाकीचे याहून चांगले उदाहरण कोणत्या शिकवणीत मिळणार? आणि अशी नावाजलेली माणसेच हवीत असे नाही. प्रत्येक गावात घोंगडी विणणारा, चाक फिरवणारा कुंभार, वासराला जन्म देताना अडलेली गाय सोडवणारा म्हातारा, ओव्या पाठ असलेली आजी असते. त्यांच्यापाशी दहा दिवस बसलेले मूल एक तरी काम हाताने करायला शिकेल. पावावर लोणी फासण्याच्या पुढची ती पायरी खास!

आता ते दुसरे कारण सांगतो, ज्यासाठी मी दिवाळीचा मुहूर्त धरला.

हा अंक तुमच्या हाती असेल त्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतल्या कित्येक वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागत असतील. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात, भांडी, अंथरूण, शेळी आणि पोरे घेऊन गाडीत चढते. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव देणारा हा शब्दच पुष्कळ काही सांगतो. त्यातले काही आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात येतात, काही कोल्हापूर-सांगलीकडे, काही कर्नाटकात जातात. गळीत संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, त्या जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. आपल्या करंजीतली साखर कुठून आली, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

या जोडीबरोबर गेलेल्या मुलाचे शाळेचे अर्धे वर्ष जाते. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून अमलात आहे. मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. तरीही दरवर्षी मुले आईबापांच्या मागे जातातच. लहानग्याला सांभाळायला दहा वर्षांची बहीण लागते, म्हणून तीही जाते. ती मुले परत येतात केव्हा? एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे त्यांच्यासाठी शाळा उघडायची तेव्हा शाळेला सुटी लागते! मे महिना मोकळा, शाळेला कुलूप, आणि थोड्या मोठ्या मुलीच्या घरी लग्नाची बोलणी. अठरा वर्षांच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे. पण रिकामी सुटी, घरातली ओढाताण आणि पुढच्या हंगामासाठी हवी असलेली नवी जोडी यांपुढे कायद्याचा आवाज पुष्कळदा पोहोचत नाही.

वाचकहो, एका जिल्ह्यातली ही दोन मुले डोळ्यांपुढे उभी करा. एकाला सुटीत काय करावे हे सुचत नाही, म्हणून आपण त्याला शहरात पाठवतो. दुसऱ्याला सुटीशिवाय शिकायला वेळ उरत नाही, आणि त्याच्यासाठी काहीच उघडे नसते. एकाला उसाचा फड ठाऊक आहे, बैल ठाऊक आहे, सात जिल्ह्यांची पाणवठ्यांची चव ठाऊक आहे, पण वाचन अडखळते. दुसऱ्याचे वाचन फाडफाड आहे, पण ऊस जमिनीत उगवतो की झाडाला लागतो याविषयी तो साशंक आहे. या दोघांनी एकमेकांना शिकवावे, यापरते दुसरे उन्हाळी शिबिर मला सुचत नाही.

आणि त्याला लागते काय? गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत मे महिन्यात रिकामी असते. शाळा व्यवस्थापन समितीची आणि शिक्षण खात्याची रीतसर परवानगी घ्यावी. शिक्षकांना मात्र वेठीला धरू नये. जनगणना आणि निवडणुका यांतून सुटलेली त्यांची तेवढीच विश्रांती असते. महाविद्यालयातले तरुण-तरुणी, निवृत्त मास्तर, शहरातून रजेवर आलेले काका-मावशी हे कार्यकर्ते पुरेत. तीस मुले घ्यावीत; पंधरा गावची, पंधरा बाहेरची. ज्याला परवडते त्याने दोन मुलांचे शुल्क भरावे. शहरातल्या शिबिराचा आणि जाण्यायेण्याचा खर्च मांडून पाहा. बहुतेकांना हे जड जाणार नाही.

यावर आक्षेप येतील, आणि आले पाहिजेत. पहिला आक्षेप उन्हाचा. खरे आहे, नगरचा मे महिना कुणाचे लाड करत नाही. म्हणून काम पहाटे आणि सायंकाळी. अकरा ते चार सावलीत वाचन, गोष्टी, हस्तव्यवसाय आणि झोप. माठातले पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत सतत हाताशी. ज्या गावाला टँकरने पाणी येते तिथे पाहुण्या मुलांचा भार टाकू नये; ज्या गावाला आपले पाणी पुरते तेच निवडावे. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला साठीच्या दशकात श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती भर मे महिन्यात. आणि विदर्भाच्या उन्हात तरुण तिथे कुदळ-फावडे घेऊन राबले. आपल्याला लहान मुलांकडून तेवढे करून घ्यायचे नाही. पण उन्हाळ्याला भिऊन उन्हाळी शिबिर गार खोलीत भरवायचे, हा मात्र विनोद झाला.

दुसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, पण तोच खरा असतो : ‘आमची मुले त्यांच्यात?’ याला माझे उत्तर असे की, होय, त्यांच्यातच. बोलण्यात शिव्या येतील, डोक्यात उवा येतील, ही भीती वाटते ना? उवांना फणी आहे आणि शिव्या तुमच्या मुलाला शाळेच्या बसमध्ये आधीच भेटल्या आहेत. पण आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या मुलांशी ज्याला बोलता येत नाही, असा मुलगा उद्या अधिकारी झाला, डॉक्टर झाला, कारखान्याचा संचालक झाला तर त्याचा उपद्रव कोणत्या फणीने काढणार?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे मी आईबापांच्या पूर्ण बाजूने आहे. शिबिर गावातले असो की पुण्यातले, पैसे भरण्याआधी तोंडावर विचारावे. किती मुलांमागे एक मोठे माणूस आहे? त्या माणसांची चौकशी कुणी केली? मुलींबरोबर रात्री कोण बाई राहणार? कोणतेही मूल एका मोठ्या माणसाबरोबर एकटे राहणार नाही याची व्यवस्था काय? विहिरीजवळ, धरणाजवळ, निघोजच्या त्या सुंदर आणि निसरड्या खडकांवर पोहणारे कोण उभे असणार? जवळचा दवाखाना किती लांब, आणि रात्री गाडी कुणाची? साप निघाला तर काय कराल? आईबापांना येऊन पाहता येईल का? उत्तर देताना संचालक चिडला, तर तिथून उठावे. प्रमाणपत्राचा कागद किती जाड आहे हे विचारणारे आईबाप पुष्कळ भेटतात. शौचालयात पाणी आहे का, हे विचारणारे थोडे.

याहूनही एक प्रश्न विचारावा, तो स्वतःला : इथे माझे मूल कुणाला भेटणार? शहरातल्या शिबिरात ते आपल्यासारख्याच मुलांना भेटते; तेच डबे, तीच बुटे, तीच मोबाइलची चर्चा. एवढ्यासाठी घराबाहेर जायचे कारणच काय? ज्या शिबिरात त्याला निराळे मूल भेटेल, ते पुण्यात असले तरी मी म्हणेन, खुशाल पाठवा. पण आपल्याच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरवर, ते निराळे मूल सुटीभर रिकामे बसले आहे; त्याला ओलांडून पुढे जाण्यात शहाणपणा नाही.

तेव्हा या दिवाळीत घरातली सगळी माणसे जमली आहेत तोवर एवढे करा. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. दिवाळीनंतर पटावरची किती मुले आईबापांबरोबर जाणार आहेत आणि मे महिन्यात किती परत येतील, ते विचारा. त्यांची नावे लिहून घ्या, आणि त्या यादीखाली आपल्या मुलाचे नाव घाला. मार्चमध्ये जाहिराती येतील तेव्हा उन्हाळ्याची छावणी कुठे टाकायची, हे आपल्या घरी आधीच ठरलेले असेल.